पळसाच्या पानावरची पंगत

चांद्या बैलाचा रिकामा खुंटा भावसिंगनं मागं एकदा उपटायला घेतला होता, तेव्हा जमनीनं त्याचा हात धरला होता. त्यावर नवराबायकोत पुन्हा शब्द झाला नाही. आज, उज्ज्वलाच्या लग्नाच्या दिवशीही खुंटा गोठ्यात तसाच उभा होता, आणि तव्यावरची पहिली भाकर पदराखाली झाकून जमनी त्याच्यापुढं उभी होती.

हा नेम तिला सासूनं घालून दिलेला. दाव्याला बांधलेल्या जिवाच्या आधी आपल्या तोंडात घास घालायचा नाही. नवरी होऊन ती तांड्यावर आली तेव्हापासून ताप असो, पेरणीची घाई असो, की घरात मयत असो, नेम चुकला नव्हता. तिनं भाकर मोडली, एक तुकडा रिकाम्या खुंट्याला टेकवला, आणि मग दोन्ही तुकडे रतन्याच्या तोंडापुढं धरले. रतन्या चांद्याचा जोडीदार. जोडी तुटल्यापासून तो बिचकणारा झाला होता. भांडं पडलं तरी कान टवकारायचा.

“आज तुह्या पाठीवर आपली उज्ज्वला उभी राह्यते, बाबा,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “हलजो नको. माही लाज राख.”

तांड्याची ही रीत फार जुनी. मिठाची अन् धान्याची पोती बैलांवर लादून हे लोक मुलुख पालथा घालत, तेव्हा बैलाची पाठ हाच त्यांच्या घराचा उंबरठा होता. म्हणून अजूनही सासरी निघालेली लेक बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात आभाळाकडं करते आणि माहेराचं भलं मागणारी ‘हवेली’ गाते. जमनीची सासू अशीच उभी राहिली होती, जमनीही राहिली होती. थोरली लेक उभी राहिली ती चांद्यावर.

आणि त्याच लग्नानंतर चौथ्या दिवशी चांद्या गेला.

जमनीनंच त्याला सोडलं होतं. लग्नाचं अन्न मुक्या जनावराच्याही मुखी लागावं, एवढंच तिच्या मनात. मांडवामागं थर्माकोलच्या थाळ्यांचा अन् प्लास्टिकच्या गिलासांचा ढीग पडलेला, त्याला भात चिकटलेला, वरण लागलेलं. चांद्यानं भात खाल्ला आणि भातासोबत थाळ्याही खाल्ल्या. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. ढोरांच्या डॉक्टरनं मागाहून पोट उघडलं, तर आत पांढरा-निळा गोळा निघाला, दोरखंडासारखा पीळ पडलेला. त्या थाळ्या कोणाच्या होत्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. जमनीचा धाकटा दीर पूनमसिंग, घाटंजीला त्याचं बिछायत केंद्र, मांडव-सतरंज्या-थाळ्या पुरवायचा धंदा. पुतणीच्या लग्नात त्यानं हौसेनं सगळं फुकट पुरवलं होतं. त्यामुळं कोणी काही बोललं नाही. पण तेव्हापासून तांड्यात कोणाचंही लग्न असलं, की जमनी आधी गोठ्यात जाऊन रतन्याच्या दाव्याची गाठ तपासायची. मांडव उठून चार दिवस झाल्याशिवाय त्याला सोडायची नाही.

म्हणून उज्ज्वलाची सोयरीक ठरली, गुळाचा खडा तोंडात पडला, आणि पोरीनं बापापुढं अट घातली, तेव्हा जमनीच्या काळजात कोणीतरी गार हात ठेवावा तसं झालं.

“बैलाच्या पोटात जाऊन जे पचनार नाई,” उज्ज्वला म्हणाली होती, “ते माह्या लग्नात नाई.”

* * *

अट साधी, पण तिनं घर दुभंगलं.

पूनमसिंग गेटांच्या फोटोंचा अल्बम घेऊन आला होता. थर्माकोलचे मोर, थर्माकोलचे हत्ती, चंदेरी कागदाचे खांब. उज्ज्वलानं एकेक पान उलटलं आणि दर पानाला विचारलं, “काका, हे बैल खाईन का?”

“अवं पोट्टे, गेट काय बैलाले खाऊ घालायले अस्ते?”

“चांद्याले तरी थाळ्या कोनी खाऊ घातल्या होत्या?”

 पूनमसिंगनं चहाचा कप खाली ठेवला, अल्बम मिटला आणि भावाकडं वळला. “दादा, कापसानं यंदा साऱ्यायचं कंबरडं मोडलं. जो तो पाहून राह्यला, कोनाचं घर बसलं अन् कोनाचं उभं हाय. अशा साली पानावर जेवू घालसान, तं लोक काय म्हनतीन? म्हनतीन, भावसिंग बसला. अन् मले म्हनतीन, दुसऱ्यायचे मांडव सजवते, सख्ख्या पुतनीले पान!”

 भावसिंग दोन्हीकडं मान हलवणारा माणूस. पूनमसिंग उठून गेला तो परत फिरकला नाही. लग्नाचं आवतनसुद्धा त्याच्या घरी जमनीनं स्वतः जाऊन दिलं, आणि ते त्यानं ओसरीत उभ्यानंच घेतलं.

बायको मात्र त्याची नव्हती ऐकत. झमकू दर बाजाराच्या दिवशी घाटंजीहून एष्टीनं यायची आणि जमनीच्या अंगणात फतकल मारून पत्रावळी टाचायला बसायची. थंडी सरायच्या आधीच बायांनी पळसाची पानं खुडून आणली होती. बांबूच्या बारीक काड्यांनी पान पानाला टाचायचं, थप्पी करायची, वर दगड ठेवायचा.

“बिछायतवाला नवरा हाय, मी नाई,” झमकू काडी दातात धरून म्हणायची. “मले कोनी गेट लावून नाई आनलं घरात. बैलगाडीत आनलं, तेबी भिजत.”

बाया हसायच्या आणि पत्रावळींच्या थप्प्या वाढत जायच्या. अंगणातल्या या बैठकीतच सगळं लग्न ठरलं. पाण्याची पाऊच नकोत, रांजण ठेवायचे. फटाके नकोत, रतन्या बिथरेल. स्वयंपाक पऱ्हाटीवर करायचा, कापूस नाही तर नाही, काड्या तरी कामी येतील. आणि गेट? त्यावर जमनीनं पेटी उघडली. सासूचा आरशांचा, कवड्यांचा फेटिया घागरा, आजेसासूची भरतकामाची झोळी, आणि तळाशी चांद्याची झूल. झूल तिनं मांडीवर पसरली.

“हेच गेट,” उज्ज्वला म्हणाली.

* * *

रतन्याला भाकर देऊन जमनी बाहेर आली, तर मांडवापुढं पूनमसिंगचा टेम्पो उभा. तिच्या मनात आनंद आणि धास्ती एकदमच उठली.

“आले का भाऊजी!”

“आलो म्हंजे काय, येनार नाई का? पुतनी हाय माही.” तो तिच्याकडं न बघता दोऱ्या सोडत होता. गडी लोखंडी पायांचे लांब टेबल उतरवत होते. “दादाशी बोलनं झालं हाय माहं. पानं तुमचे, टेबल माहे. नवरदेवाकडचे मुकुटबनचे लोक हायत वयनी, इवाई शिकले-सवरलेले. मातीत बसवसान का त्यायले? आता साऱ्यायकडं उभ्यानंच जेवतात. बुफे म्हनतात त्याले.”

जमनीनं नवऱ्याकडं पाहिलं. भावसिंग रांजणात बघत होता, जणू तळाशी काही पडलं होतं.

तिनं उज्ज्वलाला आत जाऊन विचारलं. हळदीनं पिवळी झालेली पोर क्षणभर विचारात पडली आणि मग हसली. “लोखंडाचे टेबल बैल खाते का, याडी?” तिनं आईला विचारलं.

“खात नाई.”

“मंग राहू दे. काका आला, हेच लय झालं.”

जमनीलाही तसंच वाटलं. अटीत कुठं बसत नव्हतं. दिराचा मान राहिला, पानांचाही राहिला. ती समाधानानं जगदंबेपुढं दिवा लावायला गेली. टेम्पोच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली अजून काही झाकलेलं होतं, ते तिनं पाहिलं, पण विचारलं नाही. सणासुदीच्या दिवशी झाकलेलं उघडू नये.

वऱ्हाड उन्हं चढायच्या आत आलं. नवऱ्याचा बाप देवसिंग पांढऱ्याशुभ्र कडक कपड्यांत पुढं, आणि त्याच्या बाजूला त्याचा चुलतभाऊ उकंडा. हा उकंडा म्हणजे प्रत्येक वऱ्हाडात एक असतो ना, जिथंतिथं नाक खुपसून वास शोधणारा, तसला. पण मांडवाच्या तोंडाशी येऊन तोही थबकला. दोन बांबूंच्या मधे तीन पिढ्यांचं भरतकाम टांगलेलं. वाऱ्याची झुळूक आली की शेकडो आरसे एकदम लुकलुकायचे आणि येणाऱ्यांच्या अंगावर उजेडाचे थेंब सांडायचे. मधोमध चांद्याची झूल, कवड्यांची किनार वाजणारी.

वऱ्हाडातल्या एका म्हातारीनं झुलीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. “किती वर्सानं पाह्यली व माय,” ती म्हणाली.

जमनीनं चोरून पूनमसिंगकडं पाहिलं. तो गेटकडं बघत होता, धंदेवाल्याच्या नजरेनं, वर-खाली. मग मान वळवून गड्यांवर ओरडला.

लग्न लागलं. तांड्याचे नायक धावजी, वयानं वाकलेले पण आवाजानं ताठ, त्यांनी दोन्ही घरांना गूळ भरवला. इथवर सगळं देवीच्या कृपेनं पार पडलं.

आणि मग जेवणं सुरू झाली.

* * *

पहिला मान वऱ्हाडाचा. देवसिंग, उकंडा आणि त्यांच्याकडचे जाणते लोक टेबलांपुढं रांगेत उभे राहिले. झमकूनं पाणी शिंपडून मऊ केलेल्या पत्रावळी हातोहात दिल्या. पोळी आली, वांग्याची भाजी आली, लापशी आली. भात पडला. भातावर वरण पडलं.

पळसाचं पान मांडीपुढच्या जमिनीसाठी जन्मलेलं. एका हाताच्या तळव्यावर त्यानं काय करावं? आधी ते मधे वाकलं. मग एक कड खाली गेली. देवसिंगनं सावरायला हात वर केला, आणि उन्हाळ्याचं पातळ वरण त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून पांढऱ्या सदऱ्यावर आणि तिथून थेट धोतरावर उतरलं. शेजारच्याचा भात खाली. तिसऱ्याच्या पत्रावळीतून लापशी घसरून चपलेत.

कोणीतरी फिस्सकन हसलं. ते हसणं देवसिंगनं ऐकलं.

“हे काय लावलं इवाई?” उकंडाला आयतंच मिळालं. त्याचा आवाज मांडवभर गेला. “पान हातात घेऊन उभे राहायले आमी काय भिकमांगे आहो? कापूस नाई पिकला तं तसं सांगा लागत होतं. आमी घरून डबा आनला असता!”

वऱ्हाडातल्या दोघाचौघांनी पत्रावळी टेबलावर ठेवल्या. एकजण गाड्यांकडं वळला. देवसिंग काही बोलला नाही, रुमालानं सदरा पुसत राहिला, पण पुसता पुसता त्याचा चेहरा बंद होत गेला. जमनीला ठाऊक होतं, बोलणारा पाहुणा परत येतो, न बोलणारा येत नाही. आणि उज्ज्वलाला जन्म काढायचा होता तो याच माणसाच्या घरात.

भावसिंग तिच्याजवळ आला.  “आता काय करू?”

“मी सांगतो काय करायचं.” पूनमसिंग मागून आला. आवाज हळू, पण डोळ्यांत जिंकल्याची चमक दडत नव्हती. “वयनी, टेम्पोत हायत. ताडपत्रीखाली. मले ठाव होतं हे होनार. कोऱ्या थाळ्या, नवे गिलास. तुमी फक्त एक शब्द बोला. आता आनतो, आता वाढतो. साऱ्याचं तोंड बंद.”

“हो म्हन,” भावसिंग पुटपुटला. “पोरीचं आयुष्य हाय, जमनी. बैलाले बांधून ठेवू चार दिवस. नाईतरी बांधतच अस्तो.”

हे मात्र तिला लागलं. नाईतरी बांधतच अस्तो. मांडवातून उज्ज्वला इकडंच पाहत होती. नवरीला उठता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. तिनं मान हलवली नाही, ना हो म्हणायला ना नको म्हणायला. सगळं आईवर सोडलं होतं.

‘हो’ जमनीच्या जिभेवर आला होता. खोटं कशाला? कोणत्या आईच्या आला नसता?

तिनं डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं, आणि उघडले तेव्हा तिची नजर टेबलाच्या लोखंडी पायांवर गेली. तिला तिची सासू आठवली. सासू पत्रावळीपुढं मांडी घालायची, पण वरण येण्याआधी जमिनीवरून चार खडे उचलून पानाच्या कडेखाली सरकवायची. कड उचलली जायची, पानाची वाटी व्हायची, आणि मग म्हणायची, वाढ आता, नदी वाढलीस तरी सांडणार नाही.

पान चुकलं नव्हतं. पानाला उभं केलं, ते चुकलं होतं. आणि ते तिनंच होऊ दिलं होतं. बैल खाते का, एवढंच विचारलं. माणसं बसतील कुठं, हे विचारलंच नाही.

“भाऊजी,” ती म्हणाली, “टेम्पोत अजून काय हाय?”

“म्हंजे?”

“सतरंज्या हायत?”

“सतरंज्या?” तो बावचळला. “हायत ना. बिछायतवाला मी. सतरंज्याबिगर घराबाहेर पडतो का?”

“मंग आंथरा.”

“वयनी, तुमाले समजून नाई राह्यलं...”

“तुमालेच समजून नाई राह्यलं, भाऊजी.” जमनीचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण भावसिंगनं चमकून तिच्याकडं पाहिलं. “पोट्टीनं तुमचं गेट नको म्हनलं, थाळ्या नको म्हनल्या. तुमाले नको म्हनलं का तिनं? साऱ्या तालुक्यात एवढी मानसं डोळा लवायच्या आत बसवनारा दुसरा कोन हाय? तुमच्या धंद्याचं नाव काय? बिछायत. थर्माकोल कालचं, बिछायत आंथरनं तुमच्या बापापासूनचं. सासरा प्रत्येक लग्नात सतरंज्या झटकायचा, ते मी याच डोळ्यायनं पाह्यलं. बसवा माह्या इवायाले. तुमीच बसवू शकता.”

पूनमसिंग तिच्याकडं पाहत राहिला. मग त्यानं खाली पाहिलं. 

“आता काय मुहूर्त पाह्यता?” झमकू पत्रावळींची थप्पी कडेवर घेऊन आली. “लग्नात मले सांगत होते, मी हात लावला का जागा मोठी होते. करून दाखवा ना बाप्पा आज!”

पूनमसिंगनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

“ए भीमसिंग!” तो टेम्पोकडं बघून ओरडला, आणि त्या ओरडण्यात जुना पूनमसिंग होता. “टेबल मांग घे सारे! लंब्या सतरंज्या काढ, त्या लाल पट्ट्याच्या! निंबाखालून सुरू कर, सावली धरून! दोन ओळी समोरासमोर, मधात वाढप्याले वाट ठेव! अबे, अशी नाई, सुरकुती राह्यली का मानूस पडन अन् नाव माहं जाईन!”

मग जे झालं ते तांड्यानं पुढं कित्येक वर्षं सांगितलं. लोक चहुबाजूंनी धावले. टेबलं गेली. निंबाच्या गर्द सावलीत, मांडवाच्या खांबांना वळसा घालत, गोठ्याच्या कुडापर्यंत लाल पट्टे सरसर उलगडत गेले. पूनमसिंग दोन्ही हातांनी सतरंजीचं टोक धरून असा झटका द्यायचा, की ती हवेत फुगायची आणि अंगाखाली धरती ओळखत असल्यासारखी सरळ खाली बसायची. जमनीनं पोरीबाळींना नाल्याकाठी पिटाळलं. पदर भरभरून गोटे आले, धुऊन पुसून. पत्रावळ, तिच्याखाली चार खडे. पत्रावळ, तिच्याखाली चार खडे. बाया वाकून मांडत गेल्या.

जागा झाली, पण बसायचं कोणी? वऱ्हाड उभंच होतं. सगळे देवसिंगच्या तोंडाकडं पाहत होते, आणि देवसिंग गाड्यांकडं.

धावजी नायक काठी टेकत आले. पहिल्या ओळीच्या टोकाला उभे राहिले, आणि गुडघ्यांचा आवाज करत खाली बसले. बसल्यावर त्यांनी पत्रावळीची कड बोटानं दाबून पाहिली.

“देवसिंग,” ते म्हणाले, “तुह्या बापाच्या लग्नात मी होतो. मुकुटबनच्या वाटेवर, मोहाच्या झाडाखाली. तोबी असाच बसला होता, माह्या उजवीकडं. माहा उजवा हात आता लुळा पडून राह्यला, पर बाजू अजून रिकामी हाय. बसतं का?”

 देवसिंगनं चपला काढल्या, वरणाचे डाग पडलेलं धोतर आवरलं आणि नायकाच्या उजवीकडं मांडी घातली.

त्यानंतर थांबायला उरलंच काय? वऱ्हाड बसलं, तांडा बसला. कोण नवऱ्याकडचा अन् कोण नवरीकडचा, ओळीत काही कळेना. उकंडा शेवटपर्यंत कंबरेवर हात ठेवून उभा होता. सगळी पंगत खाली आणि तो एकटाच वर, त्यामुळं तोच खांबासारखा दिसायला लागला.

“काय इवाई,” झमकूनं भाजीचं भांडं घेऊन त्याच्यापुढून जाता जाता विचारलं, “गेट तं आमी लावलं हाय. तुमी कायले उभे?”

पंगतीत असा हशा उसळला की देवसिंगही हसला, पोट धरून. उकंडा बसला. बसावंच लागलं.

पूनमसिंग स्वतः वरणाची बादली घेऊन निघाला. देवसिंगच्या पत्रावळीपाशी आला, तेव्हा तो क्षणभर थांबला. देवसिंगनं भाताला आळं केलं होतं, कडेखालचे खडे नीट केले होते, जशी काही त्याची बोटं हे कधी विसरलीच नव्हती.

“वाढा,” देवसिंग म्हणाला. “आता नाई सांडत.”

पूनमसिंगनं वाढलं. भरपूर वाढलं. थेंब सांडला नाही.

जमनी निंबाला टेकून उभी होती. पंगतीवर ऊन-सावलीची जाळी हलत होती, आणि इतकी माणसं एकदम जेवताना होतो तो आवाज, बोलण्याचा, भुरक्यांचा, ‘अजून वाढा’चा, तिला देवळातल्या गजरासारखा वाटला. तिनं हात जोडले. कोणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“इवाईन,” हात धुताना देवसिंग तिच्याजवळ आला. “पोरीची अट मले कळली होती. मी म्हनलं, पोरबुद्धी हाय.” त्यानं ओले हात झटकले. “माह्या पोरीचं लग्न हाय दिवाळीनंतर. तुमचा दीर येईन का तिकडं? याच सतरंज्या घेऊन?”

“त्यायलेच इचारा,” जमनी म्हणाली. “धंद्याची गोष्ट हाय.”

पूनमसिंग मागंच होता. त्यानं ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं, आणि एका गड्याला टेम्पोची ताडपत्री घट्ट बांधायला सांगितली. “ते उतरवू नको,” तो म्हणाला. “ते नाई लागत.”

* * *

उन्हं कलली. निघायची वेळ झाली.

भावसिंगनं रतन्याला झूल घालून अंगणात आणलं. गेटवरची चांद्याची झूल काढून तीच घातली होती. पण एवढी माणसं, एवढी गजबज पाहून रतन्याचं अंग थरथरत होतं. उज्ज्वला दोनदा जवळ गेली, आणि दोन्ही वेळा तो मागं सरला, दाव्याला हिसका देऊन. बायांचं बोलणं थांबलं. नवरीला पाठ देणारा बैल मागं सरला, हा काही चांगला शकुन नव्हे.

“ट्रॅक्टरवर उभी राहू दे,” कोणीतरी म्हणालं. “आता कोन पाह्यते?”

उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आईकडं पाहिलं.

जमनीनं रतन्याकडं पाहिलं, मग पंगतीच्या जागेकडं. सतरंज्या गुंडाळून गेल्या होत्या आणि मांडवामागं उष्ट्या पत्रावळींचा ढीग पडला होता. हिरवट, तपकिरी, भाताची शितं चिकटलेला, वरणानं ओला. अगदी त्याच जागी, जिथं त्या वेळी पांढरा ढीग होता.

ती चालत गेली. एक पत्रावळ उचलली. परत आली. सगळा तांडा तिच्या हाताकडं पाहत होता, कारण सगळ्या तांड्याला आठवत होतं. भावसिंग काही म्हणायच्या आत तिनं रतन्याच्या गळ्यातली दाव्याची गाठ सोडली. पूर्ण सोडली. दावं जमिनीवर पडलं.

“घे,” ती म्हणाली. “लग्नाचं अन्न हाय.”

रतन्यानं हुंगलं. जीभ बाहेर काढून भात चाटला. मग पानाची कड दातात धरली, ओढली, आणि चावायला लागला. काड्यांचा कुरकुर आवाज आला. कान खाली पडले. थरथर थांबली. जमनी त्याच्यापुढं दुसरी पत्रावळ धरून उभी राहिली, मग तिसरी, आणि तो खात राहिला, निवांत, शेपटी हलवत, जसं काही जगात बिचकण्यासारखं कधी काही घडलंच नव्हतं.

पूनमसिंग पुढं आला. त्यानं खाली वाकून दोन्ही हातांची पायरी केली.

“ये पोरी,” तो म्हणाला.  “काकाच्या हातावर पाय दे.”

उज्ज्वलानं काकाच्या हातावर पाय ठेवला आणि ती रतन्याच्या पाठीवर चढली. तोल सावरत सरळ उभी राहिली. घुंगटातून मावळतीचं ऊन तिच्या तोंडावर पडलं, झुलीच्या कवड्या एकदा वाजल्या आणि शांत झाल्या. तिनं दोन्ही हात वर केले.

हवेलीचे पहिले सूर रडवेले निघाले, नवरीचे निघतातच. पण मग आवाज मोकळा झाला, निंबाच्या वर गेला. बापाचं घर हिरवं राहो. भावाचं शेत भरो. काकाच्या दारी माणसं बसोत. गोठ्यात जोडी नांदो.

बाया रडत होत्या आणि हसत होत्या. झमकूनं नवऱ्याच्या पाठीवर एक धपका दिला आणि पदरानं त्याचे डोळे पुसले.

जमनी रडली नाही. तिचे दोन्ही हात कामात होते. लेक पाठीवर उभी राहून गात होती आणि खाली, मोकळ्या गळ्यानं, रतन्या तिच्या हातातून पानं खात होता. शेवटची पत्रावळ उरली. तिच्या कोपऱ्यात चिमूटभर लापशी चिकटलेली होती. थोरलीच्या लग्नानंतर जमनीनं लापशी तोंडात घातली नव्हती, आणि आज सकाळपासून तर तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलंच नव्हतं.

तिनं ती लापशी बोटानं निपटली. आधी रतन्याला पान दिलं, तो चावेपर्यंत थांबली, आणि मग बोट स्वतःच्या तोंडात घातलं.